द्वारका चौकातलं ठिगळ

एक कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच शहाणी समजणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या रिक्षांना ठिगळं लावली. रिक्षा पुसायच्या होत्या. कशा पुसायच्या ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी रस्त्याच्याच रंगाचा एक चौकोन काढून त्यांच्यावर बसवला, मान वाकडी करून लांबून पाहिलं, काही दिसेना, आणि झालं काम म्हणून चहा ठेवायला उठले.

तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते. आता एकोणसत्तरीची पोक्त बाई म्हणून त्या पोरीकडे बघते तेव्हा तिचा कान धरावासा वाटतो. अंगात नुसती हौस. कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, काही पोच नाही.

माझी नात तेव्हा अकरावीत होती आणि तिने कॉम्प्युटर हा विषय घेतला होता. प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकाने चित्रांचा एक प्रोग्रॅम करायचा होता. हिने आमच्या नाशकातला द्वारका चौक निवडला. कॉलेजला जाता-येता ती रोज तिथे अडकते. "रोज बघते तेच काढीन," म्हणाली, "निदान माझ्या चौकात तरी लोक सिग्नल पाळतील." वरून पाहिल्यासारखा चौक, करडे रस्ते, कोपऱ्यात सिग्नलचे गोल. लांबट लाल चौकोन म्हणजे बस, आखूड पिवळा म्हणजे रिक्षा. बस सुरुवातीपासूनच मुंबईच्या बाजूला रांगेत उभ्या असायच्या. बसवर माऊस दाबला की ती निघायची. रिकाम्या जागी दाबला की पुण्याच्या रस्त्याने एक नवी रिक्षा यायची, चौकात वळायची आणि बस जिकडे जातात त्याच रस्त्याला लागून टोकाशी थांबायची.

हे सगळं ती एका लायब्ररीच्या जोरावर करत होती. लायब्ररी म्हणजे, नवशिक्या पोरांसाठी कुणीतरी चित्रं काढायचे हुकूम आधीच लिहून ठेवलेले. आपण म्हणायचं गोल, मध्य कुठे ते सांगायचं, केवढा ते सांगायचं, शेवटी ‘ड्रॉ’ म्हणायचं, की गोल हजर. मला हे फार आवडलं. मी आयुष्यभर ब्लाउज शिवले आणि मुलींना शिवण शिकवलं. दहादा सांगूनही त्यांच्या हातून बाहीचा मुंढा कधी धड गोल कापला गेला नाही.

चौक अर्धा झाला होता आणि ही बया कॉलेजच्या जिन्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं, डोक्याला कठड्याची कड लागून टेंगूळ आलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काही नाही, हाताला प्लॅस्टर. प्लॅस्टर कोपरापर्यंत. डाव्या हाताने तिला साधा कंगवा धरता येत नव्हता.

सरांनी चांगल्या मनाने एक मार्ग काढला. वर्गातली दोन मुलं मिळून एक प्रोजेक्ट करत होती, त्यात हिचं तिसरं नाव घालायचं. माझी सून लगेच हो म्हणाली. नोकरी करून थकून आलेली आई दुसरं काय म्हणणार?

नात म्हणाली, "त्यांनी केलेल्यावर माझं नाव कशाला? मी त्यात काय केलं? जिन्यावरून पडले, एवढंच?"

"अगं, हात मोडलाय तुझा."

"हात मोडलाय. चौक माझ्या डोक्यात आहे."

आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मेथी निवडत होते. ज्या नजरेने गिऱ्हाईक कापडाचा तागा बघतं, टिकेल का, रंग जाईल का, त्या नजरेने तिने माझ्या बोटांकडे पाहिलं.

परीक्षेत ज्याचा हात मोडतो त्याला लेखनिक घेता येतो, हे तुम्हाला माहीत असेल. पोरं त्याला रायटर म्हणतात. रायटर खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे त्याने स्वतःची अक्कल चालवू नये. मी नववी पास आणि दहावीला गणितात आपटलेली. नियमात इतकी चपखल बसणारी बाई सगळ्या नाशकात मिळाली नसती. ती मला सरांकडे घेऊन गेली. सर तरुण होते, जेमतेम माझ्या धाकट्या भाच्याएवढे. त्यांनी मला खुर्ची दिली, हिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "आजी, ती सांगेल तेच टाइप करायचं. तुमच्या मनाचं एक अक्षरही नाही. तसं झालं तर मला हे तिचं काम म्हणून धरता येणार नाही. मग तिचं नाव त्या ग्रुपमध्येच जाईल."

"माझ्या मनाचं मला काय येतंय त्यातलं?" मी म्हटलं. आणि हे म्हणताना मला स्वतःला ते खरंच वाटत होतं.

दुपारी जेवणं झाली की आम्ही बसायचो. ती कॉटवर, प्लॅस्टर उशीवर. मी तिच्या टेबलाशी, चष्मा नाकाच्या टोकावर. ती सांगायची, मी एका बोटाने टिपायचे. पहिले काही दिवस माझा जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही, म्हणून सांगते. पडद्यावर वर जायचं असेल तर आकडा कमी करायचा. मी म्हटलं, चढताना आकडा वाढतो, आमच्या चांदवडच्या डोंगराला विचार. ती म्हणाली, इथे मोजणी वरच्या कोपऱ्यातून खाली होते. मग मी गप्प बसले, कारण ब्लाउजही खांद्यापासूनच खाली मोजतात. पण बोटं ऐकेनात. माझ्या हातून एक बस सरळ आभाळात गेली.

आणि ते कंस.

"आता रिकामा कंस दे, आजी."

"आत काय लिहू?"

"काही नाही. रिकामा."

"मग कंस कशाला?"

"द्यावा लागतो."

"काही सांगायचं नाही, हे सांगायला कंस?"

"आजी, तू टाइप कर ना."

मी टाइप करायचे. मला यातलं निम्मं कळत नव्हतं आणि जे कळत होतं ते चुकीचं कळत होतं, असं आता वाटतं. पण पिवळी रिक्षा माझ्या बोटाखालून निघून चौक ओलांडून गेली ना, तेव्हा मी सुनेला ऑफिसात फोन करून सांगितलं.

फक्त एक राहिलं होतं. पलीकडे गेलेल्या रिक्षा तिथेच थांबायच्या. दुसरी आली की पहिलीवर चढायची, तिसरी दुसरीवर. रस्त्याच्या टोकाला पिवळा ढीग. नात म्हणाली, "पार गेलेल्या काढून टाकायच्यात. ते उद्या करू." आणि दुखण्याची गोळी घेऊन झोपली.

मी त्या ढिगाकडे बघत बसले. आपल्या पोरीच्या नीटनेटक्या चौकात असा पसारा. रस्ता कसा काढला होता ते मला आठवत होतं. मीच तर टिपला होता. चौकोन, दोन कोपऱ्यांचे आकडे, करडा रंग, ड्रॉ. म्हटलं, हे तर येतं मला. जिथे रिक्षा पोचते असं लिहिलं होतं, त्याच्या खाली मी तसल्याच ओळी पुन्हा टिपल्या. आकडे बदलून बघितले, पहिल्यांदा ठिगळ फुटपाथवर गेलं, नंतर जागेवर बसलं. रिक्षा आली, पोचली, गायब. दुसरी आली, गायब. इतकी खूश झाले की दोन्ही हातांनी मांडीवर थाप मारली आणि मग नात जागी होईल म्हणून घाबरून गप्प बसले.

ही खोड त्या सदुसष्ट वर्षांच्या पोरीची नव्हे, त्याहून जुनी. शिवणक्लासात असताना मी एका बाईच्या नव्या ब्लाउजच्या पाठीवर इस्त्री विसरले. तांबूस डाग पडला. क्लासच्या बाईंनी सांगितलं, पाठ उसवून काढ आणि नवी लाव. उसवणं हा प्रकार मला लहानपणापासून नको व्हायचा. टाका टाका शोधत बसा, ब्लेडने कापड फाटेल म्हणून जीव मुठीत. मी काय केलं, डागावर हिरव्या कापडाचा पोपट कापून शिवला, त्याला लाल चोच, पायाखाली फांदी. त्या बाईच्या सासूला पोपट इतका आवडला की तिने स्वतःसाठी एक मागितला. त्या वर्षी चांदवडच्या आमच्या गल्लीत निम्म्या बायकांच्या पाठीवर पोपट बसलेले होते. तेव्हा मी मनाशी एक ठरवून टाकलं की काढायचं काही नसतं, झाकायचं असतं. अठरा वर्षांच्या शहाणीने ठरवलं आणि मी पुढे अर्धशतक ते पाळलं. आता तिचाही कान धरावा म्हटलं तर किती कान धरू?

नात उठली. तिने माऊस दाबला. रिक्षा आली आणि पार होऊन नाहीशी झाली. ती उठून बसली.

"हे कधी झालं?"

खरं सांगायचं होतं ते याच जागी. सरांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. तुमच्या मनाचं एक अक्षरही नाही. आणि मी म्हटलं, "तूच तर सांगितलंस."

"मी?"

"हो. डोळे मिटून. गोळीच्या गुंगीत सांगत होतीस, मी लिहीत होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे. "मला काहीच आठवत नाही," ती म्हणाली.

"बघ, झोपेतसुद्धा हुशार आहेस."

ती हसली. मीही हसले. माझं हसू जरा मोठं झालं असणार, कारण बाहेर कठड्यावर बसलेलं मांजर उठून गेलं.

दुसऱ्या दिवशी बस नाहीशी व्हायला लागली.

बस मुंबईच्या बाजूने निघायची, चौकात यायची, सरळ पलीकडच्या रस्त्याला लागायची आणि टोकाशी गेल्यावर तिचं तोंड गडप. मग मधला भाग. मग थोड्या वेळाने तोंड पलीकडून बाहेर आणि शेपूट अजून अलीकडे. मधे बसच नाही. जणू रस्त्याने घास घेतला. आम्ही दोघी बघत राहिलो.

"आजी, बसचे आकडे वाच."

वाचले. बरोबर होते.

"पुन्हा चालव."

पुन्हा चालवलं, आणि बस अख्खीच्या अख्खी सुरळीत निघून गेली. मग एक रिक्षा सोडली, तीही गेली. मग दुसरी बस सोडली, ती गडप.

"कधी होतं, कधी होत नाही," नात म्हणाली. "असं कसं होईल? कॉम्प्युटरला लहर येते का?"

"बसला काही झालं असेल."

"रिक्षा त्याच रस्त्याने जाते. रिक्षाला का होत नाही?"

"रिक्षावाल्याला गल्ल्या माहीत असतात."

ती हसली नाही. तिने बसच्या सगळ्या ओळी मला मोठ्याने वाचायला लावल्या. मग बसचा वेग बदलला. मग बस तोडून दोन चौकोनांची केली, ते दोन्ही गडप झाले. रिक्षाच्या ओळींकडे ती गेलीच नाही, कारण रिक्षा नीट चालत होत्या. आणि खरं सांगते, माझ्याही मनात आलं नाही. माझं ठिगळ रिक्षांवर होतं. बसला मी बोटही लावलं नव्हतं. पोपट ज्या ब्लाउजवर शिवला त्यावरच बसतो, शेजारणीच्या पाठीवर उडून जात नाही, असा माझा हिशेब.

असे दोन दिवस गेले. दुसऱ्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि ती बाहेरच्या खोलीत तिच्या आईशी बोलत होती. हळू, पण ऐकू येत होतं.

"मम्मी, डोक्याचा फोटो काढायचा का?"

"का गं? दुखतंय?"

"दुखत नाही. पण मी काहीतरी सांगते आणि मला आठवत नाही. मी आख्खा एक तुकडा सांगितला आजीला, मला त्यातला शब्द आठवत नाही. आणि आता साधी बस का जात नाही तेही कळत नाही. आधी मला असलं लगेच कळायचं."

सून म्हणाली, "डॉक्टर म्हणालेत ना, काही नाही."

"त्यांना काय माहीत आत काय झालंय ते?"

तव्यावरची भाकरी करपली. मी ती उलटली आणि मनाशी म्हटलं, उद्या प्रॅक्टिकल झालं की सांगू. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सांगितलं तर सरांना कळेल, ग्रुपमध्ये नाव जाईल. म्हणजे तिच्या भल्यासाठीच मी गप्प होते. असं मला वाटलं. त्या पोरीला काय काय वाटायचं, विचारू नका.

सकाळी आम्ही एवढंच ठरवलं की सरांना आधी बस दाखवायची, नंतर रिक्षा. त्या क्रमाने गेलं तर काही होत नव्हतं. का होत नव्हतं ते दोघींनाही माहीत नव्हतं. "मला हे आवडत नाही," नात रिक्षात बसताना म्हणाली. "मला माहीत नसताना चालतंय, हे न चालण्यापेक्षा वाईट आहे."

लॅबमध्ये तिच्या वर्गातली पोरं भिंतीशी उभी होती. मी खुर्चीवर बसले, चष्मा लावला. चौक मोठ्या पडद्यावर आला. सर म्हणाले, "छान आहे. पण रस्ता फार फिका दिसतोय, मागच्यांना कळत नाहीये. गडद कर."

नात म्हणाली, "आजी, रस्त्याचा रंग काळा."

मी केला. काळ्याभोर रस्त्यावर लाल बस सोडली. गेली, अख्खी. मागे कुणीतरी शिट्टी वाजवली. मग नातीने रिक्षा सोडायला सांगितली. मी माऊस दाबला. पिवळी रिक्षा ऐटीत आली, वळली, टोकाला पोचली, आणि काळ्या रस्त्यावर करड्या रंगाचं एक मोठं चौकोनी ठिगळ येऊन बसलं.

पोरं हसली. सरांनी स्वतः माऊस दाबला. आणखी एक रिक्षा. ठिगळावर ठिगळ. मग त्यांनी उरलेली बस सोडली आणि ती सगळ्यांच्या देखत त्या करड्या तुकड्याखाली शिरली.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"तुझा प्रोग्रॅम आहे आणि तुला माहीत नाही?"

ती पडद्याजवळ गेली. प्लॅस्टर छातीशी धरून एकेक ओळ वाचत खाली आली आणि रिक्षा पोचते त्या जागी थांबली. पुन्हा वाचलं. मग वळून म्हणाली, "आजी, हे मी सांगितलं होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी आणखी एकदा हो म्हटलं असतं तर तिने मानलं असतं आणि घरी जाऊन डोक्याचा फोटो काढून घेतला असता.

"नाही," मी म्हटलं. "तू झोपली होतीस. ते माझं आहे."

सर म्हणाले, "आजी, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"ती सांगेल तेवढंच."

"मग आता हे तिचं काम मी कसं म्हणू?"

मी पदर नीट केला, जो नीटच होता. तेवढ्यात नात म्हणाली, "सर, यात तिचं एवढंच आहे. हे मी काढते आणि माझं घालते. इथेच, तुमच्यासमोर. तास संपायच्या आत नाही झालं तर ग्रुपमध्ये घाला माझं नाव."

सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि खुर्ची ओढून आमच्या मागे बसले.

तिने माझ्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. "आजी, या ओळी पुसून टाक. सगळ्या. ड्रॉपर्यंत." मी माझं ठिगळ अक्षर अक्षर मागे घेत पुसलं. "आता रिक्षाचं नाव. टिंब. अनड्रॉ. रिकामा कंस." मी दिला. अनड्रॉ म्हणजे ड्रॉच्या उलट, चित्र पडद्यावरून काढून घ्यायचं, एवढं कळलं. कंस कशाला, हे त्या दिवशी विचारलं नाही.

माऊस दाबला. रिक्षा पुण्याच्या रस्त्यावर दिसली न दिसली तोच नाहीशी. चौकापर्यंतही आली नाही. मागे पुन्हा खसखस. माझी बोटं वळवळायला लागली, इथे एखादा पिवळा चौकोन काढून ठेवला तर, असं आलंच मनात. खोटं कशाला बोलू? मी दोन्ही हात टेबलाखाली धरले.

नात डोळे बारीक करून बघत होती. ओठ हलत होते. "रिक्षा पहिलं पाऊल टाकते तोच काढून टाकतेय ती," ती स्वतःशीच म्हणाली. "पावलं संपायच्या आतली ओळ झाली ही. आजी, त्या ओळीच्या आधीची जागा कमी कर. ओळ डावीकडे सरकव, म्हणजे सगळी पावलं झाल्यावरच ती चालेल. हं. बास."

तेवढ्याने काय होणार होतं मला कळलं नाही. ओळ तीच, अक्षरं तीच, नुसती जरा डावीकडे. पण माऊस दाबला आणि रिक्षा आली, चौक ओलांडला, टोकाला पोचली, आणि गेली. काळा रस्ता काळा राहिला. मग दुसरी रिक्षा. मग बस, तोंडापासून शेपटीपर्यंत. सरांनी उलटसुलट किती वेळा दाबून पाहिलं, काही अडलं नाही.

"काढून टाकलेली रिक्षा आता कुठे आहे?" सरांनी नातीला विचारलं.

"आहे, सर. नुसती पडद्यावर नाही. पुन्हा ड्रॉ म्हटलं तर येईल."

"बरोबर." त्यांनी तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. "एकटीचं धरतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आजी, तुम्ही परीक्षेला येऊ नका."

"नाही येत," मी म्हटलं.

घरी जाताना आमची रिक्षा खऱ्या द्वारका चौकात अडकली. पुढे ट्रक, बाजूला कांद्याची पिकअप, मागे हॉर्न. नात बाहेर बघत होती. शेवटी मीच म्हटलं, "मला एक कळलं नाही."

"काय?"

"तू काढून टाकलीस तरी रिक्षा आहेच म्हणालीस. नुसती दिसत नाही. माझीही दिसत नव्हती. मग फरक काय?"

ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा शिकवण्याच्या आवाजात बोलली. "तुझी तिथेच होती, वर आणखी एक चौकोन घेऊन. पडद्यावर नंतर आलेलं आधीच्याच्या वर बसतं. आधीपासून उभी असलेली बस तिथून जायला लागली की त्या चौकोनाखाली जाणार. नंतर आलेली रिक्षा त्याच्या वरून. म्हणून रिक्षाला काही होत नव्हतं. मी काढून टाकलेली कुणाच्या आड येत नाही."

"पण आहे."

"आहे."

"कुठे?"

"नावात, आजी."

मी त्यावर विचार केला. अजून करते. नाव आहे, वस्तू आहे, दिसत नाही, आड येत नाही, हाक मारली की हजर. अशी एकही वस्तू माझ्या घरात नाही. माझ्या घरातल्या न दिसणाऱ्या सगळ्या वस्तू कशाच्या ना कशाच्या खालीच असतात आणि आड येतात. मला तिचं अर्धं पटलं. कुठलं अर्धं, ते सांगता येत नाही.

ट्रक थोडा पुढे सरकला. ती म्हणाली, "मला वाटलं, माझ्या डोक्याला काहीतरी झालंय."

"ऐकलं मी. भाकरी करत होते."

"ऐकलंस आणि गप्प राहिलीस?"

"राहिले."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्या नजरेत कापडाचा तागा नव्हता, मी होते. मला ती नजर झेपेना. चुकलं माझं, असं काहीतरी मी म्हटलं, पण तेवढ्यात पिकअपवाल्याने हॉर्न दाबला आणि तिला ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. पुन्हा म्हणावं तर धीर होईना. सिग्नल हिरवा झाला, कुणी हललं नाही, पुन्हा लाल झाला. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. ती प्लॅस्टरच्या कडेला बोट घालून खाजवत होती. खाजवता खाजवता, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली,

"सोमवारी प्लॅस्टर निघतंय. तरी दुपारी येऊन बसत जा माझ्याजवळ. फक्त हात मांडीवर ठेव."